दोनशे कोटी आकडे, वीस लाख ठिपके: जीवशास्त्राचा डेटा दाखवणारी सॉफ्टवेअर कशी घडतात

आधी एक साधा हिशोब. हल्ली पेशी एकेक सुटी करून, त्या प्रत्येकीत कोणतं जनुक किती चालू आहे हे मोजता येतं. जनुक चालू असलं की त्याच्या आरएनए प्रती तयार होतात, त्या मोजायच्या. एका प्रयोगात एक लाख पेशी सहज असतात, आणि माणसाच्या जीनोममध्ये, म्हणजे संपूर्ण डीएनएमध्ये, प्रथिनं बनवणारी जनुकं आहेत साधारण २०,०००. म्हणजे तक्त्यात २०० कोटी चौकटी झाल्या. आता हा तक्ता ज्या स्क्रीनवर बघायचा तिच्यावर ठिपके किती? १९२० गुणिले १०८०, म्हणजे जेमतेम २०.७ लाख. मेनू नको, बटणं नकोत, अख्खी स्क्रीन डेटालाच दिली, तरी एकेका ठिपक्याच्या वाट्याला हजाराच्या आसपास आकडे येतात.

थोडक्यात, सगळं दाखवणं शक्यच नाही. संशोधकांना जैविक डेटा चाळता यावा म्हणून जी सॉफ्टवेअर बनतात, त्यांचं बरंचसं काम लपवण्याचं असतं. हजार आकड्यांच्या जागी कोणता एक आकडा ठेवायचा, कोणती ओळ मागे सारायची, काय आधी दिसायचं आणि काय क्लिक केल्यावर. आणि पाहणाऱ्याला शंका आली, तर मागे सारलेलं पुन्हा कसं उघडून द्यायचं. हा शेवटचा भाग बहुतेक वेळा राहून जातो. माझ्या मते चांगलं टूल आणि नुसतं देखणं टूल यांच्यातला फरक नेमका तिथे पडतो.

प्रश्न ठरलेला नसताना

जीवशास्त्रातली बरीच जुनी आणि भक्कम सॉफ्टवेअर प्रश्नोत्तराच्या धाटणीची आहेत. १९९० साली आलेलं ब्लास्ट घ्या. हाती डीएनएचा किंवा प्रथिनाचा एक तुकडा आहे, तो द्यायचा. त्याच्याशी मिळतेजुळते तुकडे साठ्यात कुठे आहेत याची यादी मिळते, सगळ्यांत जवळचा सगळ्यांत वर. प्रश्नही ठरलेला, उत्तराचा साचाही ठरलेला. असं सॉफ्टवेअर लिहिणं सोपं असतं असं नाही, पण निदान काय लिहायचंय ते ठाऊक असतं.

नव्याने हाती आलेला डेटा चाळताना तसं नसतं. सिक्वेन्सिंगची (डीएनए-आरएनएमधली अक्षरं वाचण्याची) फाइल उघडून बसलेल्या संशोधकाला पहिल्या दिवशी एवढंच विचारायचं असतं, की बुवा, आहे काय यात? त्यामुळे "तुम्हाला टूलमध्ये काय काय हवंय?" असं त्यालाच विचारून फारसं हाती लागत नाही. तो म्हणतो, सगळं हवंय. त्यात त्याचं काही चुकत नाही, कारण पुढचा प्रश्न त्याला अजून सुचलेलाच नसतो. आधीचं चित्र पाहिल्यावर तो सुचणार असतो.

या बाबतीत इताय यानाई आणि मार्टिन लर्चर यांनी २०२० साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मजेशीर आहे. त्यांनी विद्यार्थ्यांना एक बनावट डेटा दिला: काही स्त्री-पुरुष, त्यांची दिवसभरातली पावलं आणि त्यांचा बीएमआय. एका गटाला तपासण्यासाठी ठरावीक गृहीतकं दिली. दुसऱ्या गटाला फक्त विचारलं, यातून काय दिसतं? गंमत अशी होती, की ते सगळे बिंदू आलेखावर मांडले तर त्यातून हात हलवणाऱ्या गोरिलाचं चित्र उमटत होतं. गृहीतक हाती नसलेल्या गटाला तो गोरिला सापडण्याची शक्यता जवळपास पाच पट जास्त निघाली. गृहीतकं मिळालेल्या गटातल्या बऱ्याच जणांना उत्तर शोधण्याच्या नादात तो दिसलाच नाही.

डिझाइन करणाऱ्यासाठी यातून निघणारी गोष्ट अगदी व्यवहारातली आहे. टूल उघडल्या उघडल्या "तुलनेसाठी दोन गट निवडा" असा फॉर्म समोर आला, तर गोरिला कोणालाच दिसणार नाही. आधी कच्चं का होईना, पण चित्र दिसलं पाहिजे, गट नंतर.

एका ठिपक्यात सव्वा लाख अक्षरं

लपवणं म्हणजे काय हे सगळ्यांत स्वच्छ दिसतं ते जीनोम ब्राउझरमध्ये. २००० साली मानवी जीनोमचा पहिला मसुदा तयार होत होता, तेव्हा कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ शाखेत (यूसीएससी) जिम केंट हा विद्यार्थी होता. तुकडे जुळवण्याचा प्रोग्रॅम त्याने साधारण महिनाभरात लिहिला, आणि ७ जुलै २००० रोजी तो मसुदा इंटरनेटवर खुला झाला. पण डीएनएच्या तीनशे कोटी अक्षरांची (ए, सी, जी, टी) नुसती फाइल कोणाच्या काय कामाची? केंटने आधी एका सूक्ष्म कृमीच्या जनुकांसाठी एक दर्शक बनवला होता. त्याचाच विस्तार करून यूसीएससी जीनोम ब्राउझर उभा राहिला. आडवी पट्टी म्हणजे गुणसूत्र; तिच्याखाली एकाखाली एक रांगा: जनुकं कुठे आहेत, इतर प्राण्यांशी कोणता भाग जुळतो, कोणत्या जागी माणसामाणसांत फरक आढळतो. प्रत्येक रांगेला ट्रॅक म्हणतात. ही मांडणी इतकी पक्की बसली, की आजही नवा ब्राउझर लिहिणारा याच मांडणीपासून सुरुवात करतो.

आता पहिलं गुणसूत्र पूर्ण उघडा. त्यात सुमारे २४.८ कोटी अक्षरं आहेत आणि स्क्रीनची रुंदी १९२० ठिपके. एका ठिपक्यात सुमारे १ लाख २९ हजार अक्षरं. समजा, प्रत्येक अक्षरापाशी एक मोजमाप आहे. उदाहरणार्थ, एखादं प्रथिन डीएनएला तिथे किती घट्ट चिकटतं. मग त्या एका ठिपक्याची उंची किती काढायची?

पहिलं उत्तर सुचतं ते सरासरी. पण प्रथिन चिकटण्याची जागा साधारण काहीशे अक्षरांची असते. सव्वा लाखाच्या सरासरीत तो सुळका पार विरघळून जातो आणि संशोधकाला सपाट रेघ दिसते. मग कमाल आकडा दाखवू? आता प्रत्येक ठिपक्यात कुठे ना कुठे एखादा सुळका असतोच, त्यामुळे सगळं गुणसूत्र उंचच उंच दिसायला लागतं. सरासरी खरी गोष्ट दडवते, कमाल गोंगाटालाही मान देते. बरोबर उत्तर एकच नाही. म्हणूनच यूसीएससी ब्राउझरमध्ये सरासरी, कमाल, किंवा सरासरीच्या भोवती चढउताराची फिकट छटा, असे पर्याय निवडता येतात.

हे झटपट दाखवायचं तर दर वेळी २४.८ कोटी आकडे वाचत बसून चालत नाही. २०१० साली केंट आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या बिगविग या फाइल-प्रकारात त्यासाठी आधीच सोय केलेली असते: मूळ आकड्यांबरोबर वेगवेगळ्या झूम पातळ्यांचे सारांश फाइलीतच साठवलेले असतात, आणि प्रत्येक सारांशात किमान, कमाल, बेरीज अशा गोष्टी असतात. लांबून बघताना ब्राउझर वरची पातळी वाचतो, जवळ गेल्यावर खालची. फाइल दूर कुठल्या तरी सर्व्हरवर असली तरी तिचा लागेल तेवढाच तुकडा मागवला जातो. इथे एक बारकावा हातातून निसटतो, तो म्हणजे सारांश कोणता साठवायचा हे फाइल बनवतानाच ठरतं. फक्त सरासरी साठवली असती, तर पुढे कोणाला कमाल हवी असती तेव्हा ती परत मिळवायला सगळं मुळापासून वाचावं लागलं असतं.

तळापर्यंतचा जिना

आता अगदी खाली उतरू. सिक्वेन्सिंग मशीन जीनोम सलग वाचत नाही. छोटे छोटे तुकडे वाचतं. असा वाचलेला एक तुकडा म्हणजे एक रीड. संगणक ते रीड संदर्भ जीनोमवर, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या जीनोमवर, आपापल्या जागी बसवतो आणि मग दुसरा एक प्रोग्रॅम यादी देतो: अमुक जागी संदर्भात 'सी' आहे, या नमुन्यात 'टी' आहे. यादीत शेजारी विश्वासार्हतेचा एक आकडाही असतो. पुष्कळ जण तो आकडा बघून पुढे जातात.

अनुभवी माणूस मात्र आयजीव्ही उघडतो. ब्रॉड इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेला हा दर्शक आहे. त्या जागी जाऊन चाळीसेक अक्षरं दिसतील इतका झूम केला, की प्रत्येक रीडची एक करडी पट्टी दिसते. संदर्भाशी जुळणारी अक्षरं करडीच राहतात. न जुळणारं अक्षर तेवढं रंगीत. म्हणजे जे अपेक्षित आहे ते गप्प बसतं आणि जे वेगळं आहे तेच बोलतं. नजर थेट तिथे जाते.

मग तो काय बघतो? आपल्याकडे बहुतेक गुणसूत्रांच्या दोन-दोन प्रती असतात, त्यामुळे एकाच प्रतीत बदल असेल तर साधारण निम्म्या रीडमध्ये तो दिसायला हवा. चाळीसपैकी तीनच रीडमध्ये दिसला तर कपाळाला आठी पडते. (कर्करोगाच्या गाठीच्या नमुन्यात निरोगी पेशीही मिसळलेल्या असतात, तिथे निम्म्याची अपेक्षा धरता येत नाही.) ते तिन्ही रीड एकाच दिशेने वाचलेले असतील तर संशय वाढतो. बदललेलं अक्षर तिन्हींत अगदी टोकाला असेल तर आणखी. आयजीव्ही इथे दोन छोट्या गोष्टी करतो, ज्यांचं मला फार कौतुक वाटतं. ज्या अक्षराबद्दल मशीनलाच खात्री नव्हती, ते तो फिकट रंगवतो. आणि जो रीड जीनोममध्ये एकाहून जास्त जागी तितकाच चपखल बसतो, म्हणजे ज्याचा पत्ता भरवशाचा नाही, ती पट्टी पोकळ दाखवतो. कुठेही धोक्याची खूण नाही, चौकट उघडून "सावधान" नाही. अनिश्चितता चित्रातच मुरलेली आहे.

गुणसूत्रापासून एका अक्षरापर्यंत असा अखंड जिना असला, की माणूस सारांशावर विश्वास ठेवायलाही शिकतो आणि केव्हा ठेवायचा नाही हेही. पुष्कळ नवी टूल मधल्या मजल्यावर थांबतात. रंगीत तक्ता दिसतो, चौकटीवर क्लिक केलं की तोच आकडा चार दशांश स्थळांपर्यंत दिसतो, आणि तिथे रस्ता संपतो. तो आकडा कुठल्या रीडमधून आला, हे विचारायला जागाच नाही.

पत्ता आणि नाव

यात रंगीबेरंगी काहीच नाही, पण सगळ्यांत जास्त डोकेदुखी इथेच आहे.

जीनोममधली जागा म्हणजे गुणसूत्र आणि क्रमांक. आता मोजायला सुरुवात कुठून करायची? बेड नावाच्या फाइल-प्रकारात शून्यापासून मोजतात आणि शेवटचा क्रमांक धरत नाहीत. गुणसूत्राची पहिली शंभर अक्षरं म्हणजे ० ते १००. जीएफएफ प्रकारात तीच शंभर अक्षरं १ ते १००. यूसीएससी ब्राउझर आत शून्यापासून साठवतो आणि स्क्रीनवर मात्र एकपासून दाखवतो. दोन्हींच्या बाजूने रास्त कारणं आहेत. शून्यापासून मोजलं की लांबी काढायला नुसती वजाबाकी पुरते. पण एका प्रकारातून दुसऱ्यात जाताना एकाचा फरक पडला, तर प्रोग्रॅम बंद पडत नाही, चूक दाखवत नाही, फक्त शेजारचं अक्षर देतो.

त्याहून वाईट म्हणजे आवृत्त्या. मानवी संदर्भ जीनोमची २००९ची आवृत्ती आणि २०१३ची आवृत्ती, दोन्ही अजून वापरात आहेत. मधल्या काळात भर पडली, दुरुस्त्या झाल्या, त्यामुळे तोच क्रमांक दोन आवृत्त्यांत बहुतेक वेळा वेगळी जागा दाखवतो. एक फाइल जुन्या आवृत्तीवरची आणि दुसरी नव्यावरची एकाच खिडकीत उघडली, तर चित्र सुरेख दिसतं आणि अर्थ शून्य. आवृत्तीचं नाव "आमच्याबद्दल" या पानात असून उपयोग नाही. ते क्रमांकाच्या शेजारी, सतत डोळ्यांसमोर हवं. आणि फाइलीने आवृत्ती सांगितली नसेल तर टूलने अंदाज बांधून पुढे जाऊ नये, विचारावं.

एका ओळीचा फरक किती महागात पडू शकतो याचं गाजलेलं उदाहरण ड्यूक विद्यापीठातल्या कर्करोग संशोधनाचं आहे. गाठीतल्या जनुकांवरून कोणतं औषध लागू पडेल हे सांगता येतं, असा दावा तिथल्या गटाने केला होता. कीथ बॅगर्ली आणि केविन कूम्ब्स या संख्याशास्त्रज्ञांनी तो तपासला आणि २००९ साली लिहिलं, की काही याद्यांमध्ये जनुकांची नावं आणि आकडे एका ओळीने सरकलेले आहेत, काही ठिकाणी औषधाला दाद देणारे आणि न देणारे नमुने उलटसुलट झालेले आहेत. तोवर त्या कामाच्या आधारे रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या होत्या. पुढे त्या थांबवल्या गेल्या आणि बरेच लेख मागे घेतले गेले. त्या प्रकरणात इतरही बरंच काही होतं, पण डिझाइनच्या अंगाने बघितलं तर नावांची यादी एका फाइलीत आणि आकडे दुसऱ्या फाइलीत, आणि दोघांना जोडणारा धागा म्हणजे केवळ ओळींचा क्रम, हीच रचना चुकीला आमंत्रण देते. आकडा आणि त्याचं नाव कधीच वेगळे होऊ नयेत.

नावांचं म्हणाल तर त्यातही सरळ काही नाही. माणसातलं टीपी५३ हे जनुक उंदरात टीआरपी५३ होतं, बोलताना सगळे पी५३ म्हणतात, आणि डेटाबेसच्या फाइलीत एक लांबलचक क्रमांक असतो. शोधपेटीत यांतलं काहीही टाकलं तरी पोहोचता आलं पाहिजे, आणि पोहोचल्यावर "तुम्ही हे टाकलंत, मी हे धरलं" असं टूलने स्पष्ट दाखवलं पाहिजे. न दाखवता केलेल्या दुरुस्तीचा दाखला एक्सेलने दिलाच आहे. 'सेप्ट १' किंवा 'मार्च १' अशा नावांच्या जनुकांच्या तो परस्पर तारखा करून टाकायचा. २०१६च्या एका पाहणीत, ज्या शोधनिबंधांना एक्सेलमधल्या जनुकांच्या याद्या जोडलेल्या होत्या, त्यांतल्या सुमारे एक पंचमांशांत अशी बिघडलेली नावं सापडली. शेवटी २०२० पर्यंत जनुकांची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली: 'सेप्टिन १', 'मार्चएफ १'. एक्सेलमध्ये ही सवय बंद करण्याची सोय आली ती २०२३ मध्ये. सॉफ्टवेअर बदलण्यापेक्षा जनुकाचं नाव बदलणं सोपं गेलं, यावर काय बोलणार!

बिंदूंचे ढग

एक लाख पेशींचा तो तक्ता हल्ली बहुतेक वेळा बिंदूंच्या ढगासारखा दाखवतात. प्रत्येक पेशी म्हणजे एक बिंदू. ज्या पेशींची जनुकं सारखी चालतात त्या जवळजवळ. वीस हजार मोजमापं दोन अक्षांवर आणायची किमया करणाऱ्या दोन पद्धती प्रसिद्ध आहेत: २००८ची टी-स्नी आणि २०१८ची यूमॅप. चित्र मोहक असतं. बेटं दिसतात, बेटांना जोडणारे पूल दिसतात, आणि माणसाला त्यावर लगेच गोष्ट रचाविशी वाटते.

इथे जरा दमाने घ्यावं लागतं. या पद्धती मुख्यतः शेजार जपतात: कोण कोणाच्या अगदी जवळ आहे. लांबच्या दोन बेटांमधलं अंतर, बेटाचा आकार, त्याचा पसरटपणा, यांवरून अर्थ काढणं धोक्याचं. सेटिंग बदललं की बेटं फाटतात किंवा जुळतात. आडव्या-उभ्या अक्षांवरच्या आकड्यांना तर काहीच अर्थ नसतो, तरीही कितीतरी टूल तिथे आकडे छापतात. पहिली दुरुस्ती म्हणजे ते आकडे काढून टाकणं. दुसरी जास्त मोलाची: बेटाभोवती माउसने कुंपण घातलं, की शेजारच्या खिडकीत त्याच पेशींची खरी मोजमापं दिसली पाहिजेत. कोणती जनुकं वेगळी आहेत, एकेका पेशीत आरएनए किती सापडला, पेशी कोणत्या नमुन्यातून आल्या. एका खिडकीत निवडलेलं दुसरीत उजळणं, ही सोय या ढगांसाठी जवळजवळ सक्तीची म्हणायला हवी. कुंपण घातल्यावर पुष्कळदा कळतं, की मोठ्या हौसेने "नवा पेशीप्रकार" म्हटलेलं बेट म्हणजे चुकून एकत्र मोजल्या गेलेल्या दोन पेशींच्या जोड्या आहेत, किंवा मरायला टेकलेल्या पेशी.

यातला एक बारीक निर्णय जवळून बघण्यासारखा आहे. या तक्त्यातल्या बहुतेक चौकटी शून्य असतात. अशा डेटात नव्वद टक्क्यांहून जास्त शून्यं असणं नवल नाही. आता एखाद्या जनुकाप्रमाणे बिंदू रंगवायचे: शून्य असेल तर करडा, जास्त असेल तसा गडद. एक लाख बिंदू छोट्या जागेत म्हणजे ते एकमेकांवर पडणारच. मग वर कोण? फाइलीतल्या क्रमाने काढले, तर शून्यवाले करडे बिंदू गडद बिंदूंना झाकू शकतात आणि जनुक बंदच आहे असं वाटतं. गडद बिंदू शेवटी काढले, तर दर वीस पेशींत एक चालू असली तरी सगळं बेट पेटल्यासारखं दिसतं. वापरात असलेल्या दोन लोकप्रिय सॉफ्टवेअरपैकी स्कॅनपाय जास्त आकड्याचे बिंदू आपणहून वर आणतं. सूरा तसं करत नाही, तुम्ही सांगावं लागतं. म्हणजे तोच डेटा, तेच जनुक, आणि दोन प्रयोगशाळांच्या चित्रांत जमीन-अस्मानाचा फरक. कोणताही क्रम निवडा, पण बेटागणिक "इतक्या टक्के पेशींत चालू" हा साधा आकडा शेजारी लिहा. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

रंगांचंही असंच. १९९८ साली मायकेल आयझेन आणि सहकाऱ्यांनी जनुकांच्या चढउतारांचे लाल-हिरवे तक्ते प्रसिद्ध केले आणि तीच जोडी अनेक वर्षं रूढ झाली. पण लाल-हिरवं वेगळं ओळखता न येणारे पुरुष युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण बारांत एक असतात. त्यांना वाढ आणि घट सारखीच दिसणार. निळा-नारिंगी घेतला की प्रश्न सुटतो. जास्त फसवी गोष्ट रंगपट्टीची टोकं ही आहे. एकाच पेशीतला आकडा अवाच्या सवा मोठा असेल आणि पट्टी तिथपर्यंत ताणली, तर बाकी सगळं एकाच फिकट रंगात बसतं. म्हणून टूल वरचे थोडे आकडे छाटतात. छाटा, पण कुठे छाटलं ते पट्टीवर लिहा.

कोणत्या दिवशी, कोणत्या मशीनवर

२०१४ साली एका मोठ्या प्रकल्पातून असा निष्कर्ष आला, की माणूस आणि उंदीर यांच्या ऊतींची तुलना केली तर माणसाचं हृदय उंदराच्या हृदयापेक्षा माणसाच्याच इतर अवयवांच्या जवळचं दिसतं. थोडं धक्कादायकच. पुढच्या वर्षी योआव गिलाद आणि ओर्ना मिझराही-मान यांनी रीडच्या नावांमध्ये दडलेल्या मशीनच्या नोंदी वाचून दाखवलं, की माणसाचे आणि उंदराचे नमुने बऱ्याच अंशी वेगवेगळ्या खेपांमध्ये वाचले गेले होते. खेपेचा परिणाम वजा केल्यावर नमुने ऊतीप्रमाणे जुळायला लागले: हृदय हृदयाशी, मेंदू मेंदूशी. त्यावर बराच वाद झाला.

खेपांमुळे असा फरक पडतो हे क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत होतं. पण मशीनची नोंद रीडच्या नावात कोंबलेली होती, चित्र रंगवण्याच्या यादीत नव्हती. धुंडाळायच्या टूलमध्ये "कशाप्रमाणे रंगवू?" या यादीत रोग, वय, ऊती यांच्याबरोबर तारीख, मशीन, खेप, नमुना हाताळणारी व्यक्ती हे सगळं यायला हवं, आणि एका क्लिकवर. दोन क्लिक लागले तर लोक करत नाहीत. हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. अर्थात त्यासाठी नोंदी धड हव्यात. एकाच रकान्यात कुठे 'पुरुष', कुठे 'पु', कुठे १, हा प्रकार इतका सर्रास आहे, की टूल बनवणाऱ्यांचा निम्मा वेळ तिथेच जातो. त्या कामाचं कोणी कौतुक करत नाही.

वेग

माणसाने क्लिक केलं आणि सेकंदाच्या दहाव्या भागात प्रतिसाद आला तर त्याला ते तत्काळ वाटतं. एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी टिकते. दहा सेकंद झाले की तो फोन बघायला लागतो. या मर्यादा संगणक वापराच्या अभ्यासात कित्येक दशकं जुन्या आहेत. धुंडाळताना त्यांचं वजन आणखी वाढतं, कारण इथले बहुतेक प्रश्न फुकट जाणारे असतात. शंभर जनुकं रंगवून बघावीत तेव्हा एकात काही दिसतं. प्रत्येकाला अर्धं मिनिट लागलं तर माणूस शंभर बघत नाही. आधीपासून ओळखीची पाच बघतो आणि जे माहीत होतं तेच त्याला परत सापडतं.

वेग बहुतेक वेळा मांडणीतून येतो. शून्यं साठवायचीच नाहीत, फक्त भरलेल्या चौकटी आणि त्यांचे पत्ते ठेवायचे, ही पहिली युक्ती. पण त्या कोणत्या क्रमाने? पेशीवार ठेवल्या तर एका पेशीची सगळी जनुकं पटकन मिळतात, आणि एक जनुक सर्व पेशींत बघायला अख्खी फाइल पालथी घालावी लागते. जनुकवार ठेवल्या तर उलट. आकडेमोडीच्या प्रोग्रॅमना पहिला क्रम सोयीचा, ढग रंगवणाऱ्या दर्शकाला दुसरा. डिस्क स्वस्त असेल तर दोन्ही ठेवावेत, वाद घालत बसू नये.

सापडलेलं खरं का?

मोकळेपणाने चाळू देणाऱ्या टूलचा एक अंगचा दोष आहे. वीस हजार जनुकांत खरं तर कुठेच फरक नसला, तरी ०.०५ची कसोटी (योगायोगाने असा फरक दिसण्याची शक्यता पाच टक्क्यांहून कमी) लावल्यावर हजारेक जनुकं निव्वळ योगायोगाने "लक्षणीय" ठरतात. अशा योगायोगांसाठीची दुरुस्ती बहुतेक टूल करतात. जी करत नाहीत ती अशी: ढगातल्या बेटांचं कुंपण जनुकांवरूनच घातलं, आणि मग त्याच पेशींवर विचारलं, की या दोन बेटांत कोणती जनुकं वेगळी आहेत? फरक निघणारच, फरक बघूनच तर बेटं पाडली होती. तरी टूल शेजारी दशांशचिन्हापुढे तीस शून्यं असलेला पी-आकडा, म्हणजे तीच योगायोगाची शक्यता, छापतं आणि तो थेट शोधनिबंधात जातो. अशा जागी पी-आकडा छापूच नये असं माझं मत आहे. जनुकांची क्रमवारी द्या, फरकाचा आकार द्या, आणि शिक्कामोर्तब दुसऱ्या नमुन्यांवर सोडा. याला विरोध होतो, कारण परीक्षकांना आकडा हवा असतो.

दुसरी गोष्ट मागच्या वाटेची. संशोधक तासभर क्लिक करत एका सुरेख चित्रापाशी पोहोचतो, स्क्रीनचा फोटो काढतो, आणि आठवड्याने सहकारी विचारतो, कोणत्या पेशी गाळल्या होत्या? २००५च्या सुमारास आलेल्या गॅलक्सी या प्रकल्पाने याचं उत्तर चांगलं दिलं: केलेली प्रत्येक पायरी, तिच्या सेटिंगसह, बाजूच्या पट्टीत आपोआप नोंदवली जाते आणि दुसऱ्याला जशीच्या तशी देता येते. धुंडाळायच्या टूलमध्ये इतकी शिस्त जाचक होते, पण निदान सध्याची अवस्था एका लिंकमध्ये बांधता यावी: कोणता डेटा, कोणती आवृत्ती, कोणते गाळण, कोणता रंग, कोणता झूम.

आणि शेवटी माणूस टूलमधून बाहेर पडणारच आहे. पुढची आकडेमोड तो आर किंवा पायथन या प्रोग्रॅमिंग भाषांमध्ये करतो, त्याला तिथेच अडकवून ठेवण्यात अर्थ नाही. कुंपण घातलेल्या पेशींची यादी बाहेर काढायचं बटण पहिल्या आवृत्तीपासून असावं. त्या फाइलीत पेशींच्या ओळींचे क्रमांक देऊ नयेत, त्यांची पूर्ण ओळखनावं द्यावीत, आणि वरच्या ओळींमध्ये जीनोमची आवृत्ती, लावलेली गाळणं, छाटलेली टोकं आणि फाइल काढल्याची तारीख असावी.